वनस्पतिरंग : खुलणें आणि विटणें

विड्यांत काथ व चुना एकत्र आले कीं विडा रंगतो, हें लहान मुलांसही ठाऊक असतें. परंतु काथांतील मुख्य द्रव्य, कॅटेचिन, शुद्ध स्थितींत पांढरी भुकटी असतें. मग हा तांबडेपणा येतो कोठून? आणि आजीच्या ठेवणींतील, वनस्पतिरंगानें रंगविलेल्या शेल्याचा पिवळेपणा जातो कोठें? या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशीं एकच क्रिया आहे. तीच वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कॅटेचिन हें फ्लॅव्होनॉइड नामक कुळांतलें. पळसाच्या फुलांपासून मिळणारें ब्युटेइन, चातुर्मासांत वर्ज्य असलेल्या कांद्याच्या टरफलांतील क्वेरसेटिन, युरोपांतील रंगाऱ्यांच्या वेल्ड वनस्पतींतील ल्युटिओलिन, हीं त्याचींच भावंडें. हळद मात्र या कुळांतली नव्हे. या साऱ्यांच्या रेणूंत एका वलयावर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारीं शेजारीं बसलेले असतात. तेथून दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रोटॉन निघून गेले, म्हणजे क्विनोन नांवाचें चंचल द्रव्य बनतें. हेंच ऑक्सिडीकरण. चुन्यासारखा क्षार असल्यास तें अधिक सुलभ होतें. काथांत हीं क्विनोनें एकमेकांशीं जुळून मोठे तांबूस रेणू तयार होतात. पिवळ्या रंगांत मात्र मूळ रचनाच मोडते आणि रंग विटतो. काथानें रंगविलेलें कापड पोटॅशियम डायक्रोमेटच्या पाण्यांतून काढण्याची कारखान्यांतील रीत याच तत्त्वावर आधारलेली होती.

कोणता रंग किती हळवा, हें विजेच्या साह्यानें मोजतां येतें. द्रावणांत कार्बनचें विद्युदग्र बुडवून विद्युद्दाब हळूहळू वाढवितात. ज्या दाबास प्रवाह एकाएकीं चढतो, तेथें रेणू इलेक्ट्रॉन सोडूं लागला असें समजावें. क्वेरसेटिन ल्युटिओलिनापेक्षां कमी दाबासच वश होतें. कारण त्याच्या मधल्या वलयावर एक हायड्रॉक्सिल अधिक असतो. कापडावरही क्वेरसेटिनचा पिवळा उन्हांत लौकर उडतो, ल्युटिओलिनचा त्या मानानें टिकतो. तथापि ल्युटिओलिनही अमर नव्हे. युरोपांतील जुन्या विणीव भित्तिपटांत निळ्यावर पिवळा चढवून हिरवीं केलेलीं झाडें आज निळीं दिसतात. पिवळा गेला, निळा उरला.

संस्कृतांत ‘कषाय’ म्हणजे तुरट रस, काढा, आणि तांबूस रंगही. तुरट रस व रंग यांचें नातें आपल्या पूर्वजांनीं अनुभवानें ओळखलें होतें. एवढ्यावरून त्यांस इलेक्ट्रॉन ठाऊक होते, असें म्हणणें मात्र सत्यास सोडून होईल.

आतां गृहिणींसाठीं दोन शब्द. जुन्या वस्त्रांस कडक ऊन दाखविण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. कसर जाते हें खरें, पण वनस्पतिरंगही त्याबरोबर जातो. अशीं वस्त्रें सावलींत वाऱ्यावर पसरावीं, धुण्याच्या सोड्यापासून दूर ठेवावीं, आणि शोभेसाठीं खिडकीसमोर टांगूं नयेत. रंगाऱ्यानें तुरटी घालून रंग धाग्याशीं बांधून दिला. पुढें तो नातीच्या लग्नापर्यंत पोंचविणें घरच्या माणसांच्या हातीं आहे.