अंतर तेच, वेळ वेगळी

हिवाळ्यात एक विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघाले आणि त्याच दिवशी संध्याकाळी ६.३० वाजता लंडनला उतरले. तर ते किती तास उडाले? 'साडेचार तास', असे तुम्ही चटकन सांगाल. पण हे उत्तर बरोबर नाही.

निघण्याची वेळ मुंबईच्या घड्याळातली आहे आणि पोहोचण्याची वेळ लंडनच्या. प्रवासाला लागलेला वेळ काढायचा, तर दोन्ही वेळा एकाच घड्याळाने मोजल्या पाहिजेत. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि ब्रिटनची शून्य अंशावरून. म्हणून आपली घड्याळे त्यांच्या साडेपाच तास पुढे असतात. लंडनला संध्याकाळचे ६.३० वाजतात, तेव्हा मुंबईत रात्रीचे १२ वाजलेले असतात. म्हणजे विमान दहा तास उडाले!

आता अंतराकडे वळू. पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत एक दोरा ताणून धरा. हाच सर्वांत जवळचा मार्ग. त्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. मोठे जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते. भागाकार केला तर उत्तर आठ तास येते. मग दहा तास का लागतात?

याचे मोठे कारण वारा. जमिनीपासून सुमारे १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना 'जेट प्रवाह' म्हणतात. समजा, समोरून ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा आला, तर विमान तासाला ८०० किलोमीटरच पुढे जाते. शिवाय चढताना व उतरताना वेग कमी असतो आणि ठरलेल्या हवाई मार्गांमुळे थोडा वळसाही पडतो. परतताना मात्र तोच वारा पाठीमागून येतो आणि प्रवास साधारण एक तासाने कमी होतो.

म्हणूनच इंधन भरताना केवळ अंतर पाहून चालत नाही. त्या दिवशीचा वारा विचारात घेऊन उड्डाणाचा वेळ काढतात. उतरण्यास उशीर झाला किंवा दुसऱ्या विमानतळावर जावे लागले, तर उपयोगी पडावे म्हणून राखीव इंधनही घेतात. या हिशेबावर शेकडो प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले. ते वाटेत कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. आज हा प्रवास वाटेत न थांबता होतो.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. उन्हाळ्यात ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे करतात. मग मुंबईहून दुपारी २ वाजता निघून दहा तास उडालेले विमान लंडनला उतरेल, तेव्हा तेथे किती वाजले असतील?