आठ पायांचा ॲम्प्लिफायर
मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘एलएम ३८६’ मागितला, की नखाएवढी काळी, आठ पायांची आयसी हातात पडते. नवख्याने सुरुवात इथूनच करावी. सोबत ९ व्होल्टची बॅटरी, ८ ओहमचा स्पीकर, व्हॉल्यूमसाठी १० किलोओहमचा पॉट आणि चार-दोन कपॅसिटर. बस्स!

ही आयसी मुळात सिग्नल २० पट वाढवते. १ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, की थेट २०० पट. हौशी मंडळी तो हमखास टाकतात आणि मोबाइलवरचं गाणं फाटक्या आवाजात ऐकत बसतात. मोबाइलला २० पट भरपूर झालं.

स्पीकर मात्र ५ नंबरच्या पायाला थेट जोडू नये. तिथे बॅटरीच्या निम्मं डीसी व्होल्टेज कायम उभं असतं. ते अडवायला मध्ये २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच.