पणजोबांच्या मनगटी घड्याळाचें वय

जुन्या घरांतील कपाटाच्या खणांत, मोडक्या चष्म्याशेजारीं एखादें बंद पडलेलें मनगटी घड्याळ बहुधा सांपडतेंच, आणि त्याजबरोबर एक कथाहि असते. तें पणजोबांनीं पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियाच्या आघाडीवर वापरलें, असें थोरल्या आत्याबाई सांगतात. काकांच्या मतें तें त्यांना पेन्शनीच्या वेळीं कचेरींतील मंडळींनीं दिलें. दोहोंपैकीं खरें कोणतें, हें घड्याळासच विचारतां येतें. मात्र त्याच्या कोणत्या अवयवास विचारावयाचें, हें ठाऊक हवें.

बहुतेक लोक प्रथम तबकडीवरील नांव वाचतात. वस्तुतः सर्वांत कमी विश्वासाची साक्ष तीच. तें नांव पुष्कळदां कारखान्याचें नसून विकणाऱ्या दुकानाचें असतें. शिवाय पेढीचें जन्मसाल म्हणजे घड्याळाचें जन्मसाल नव्हे. फेव्हर-ल्यूबा ही स्विस पेढी आपला आरंभ १७३७ सालापासून मोजते; म्हणून तिचें मनगटी घड्याळ कांहीं पेशव्यांच्या हातांत नव्हतें! आणि तबकडी पुन्हां रंगवितां येते. मुंबईच्या बाजारांत जुन्या तबकड्या इतक्या हौसेनें रंगविल्या गेल्या आहेत, कीं परदेशचे संग्राहक अशा घड्याळास ‘मुंबई स्पेशल’ असेंच म्हणतात. तबकडी आरशासारखी लखलखीत, अक्षरें किंचित् वांकडीं आणि कवच मात्र घासून झिजलेलें, असें दिसल्यास सावध व्हावें.

कवचाची साक्ष याहून बरी. पट्टा ओंवण्यासाठीं तारेच्या कड्या कवचासच डाग देऊन जोडलेल्या असतील, तर तें पहिल्या महायुद्धाच्या आसपासचें असण्याचा संभव मोठा. पुढें काढतां येणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्या रूढ झाल्या. चांदीच्या वा सोन्याच्या कवचाच्या झांकणास आंतून बारीक शिक्के असतात. परदेशी घड्याळाच्या अशा कवचांवर ब्रिटनमध्यें तपासणीचा शिक्का मारण्याची सक्ती १ जून १९०७ पासून झाली, आणि त्या शिक्क्यांतील अक्षर वर्ष सांगतें. झांकणाच्या आंत सुईनें ओरखडलेले आंकडे दिसले, तर ते पुसूं नयेत. त्या पूर्वींच्या दुरुस्तीकारांनीं केलेल्या नोंदी असून, क्वचित् त्यांत तारीखहि सांपडते.

खरी साक्ष आंतील यंत्राची. झांकण मात्र घरीं चाकूनें उघडण्याचा मोह टाळावा व तें जाणत्या कारागिराकडूनच उघडवावें. हलणाऱ्या चक्राखालीं, तबकडीच्या अंगास, यंत्र घडविणाऱ्याची लहानशी खूण असते. ‘ए. एस्.’ हीं अक्षरें ग्रेन्शेन गांवच्या ए. शिल्ड कारखान्याचीं, असे कारखाने अनेक पेढ्यांस कच्चीं यंत्रें पुरवीत. चक्राच्या मध्यावरील माणकावर वीणेच्या आकाराची इवलीशी स्प्रिंग असली, तर ती धक्क्यापासून रक्षण करणारी ‘इन्काब्लॉक’ योजना होय. ती १९३४ च्या सुमारास निघाली. मेसोपोटेमियाची लढाई तर १९१८ मध्येंच संपली होती.

तेव्हां आत्याबाईंचें म्हणणें खोटें ठरलें काय? इतकी घाई करूं नये. नियम असा, कीं सर्वांत अलीकडची खूण तो तो भाग केव्हांपूर्वीं नव्हता एवढेंच सांगते. कवच तारेच्या कड्यांचें, शिक्का १९१५ चा आणि यंत्र मात्र इन्काब्लॉकचें असें निघालें, तर मूळ यंत्र बिघडल्यावर त्याच कवचांत नवें बसविलें असावें. मग आत्याबाई कवचापुरत्या खऱ्या आणि काका यंत्रापुरते! उलट सर्वच भाग १९३४ नंतरचे निघाले, तर लढाईचें घड्याळ दुसरेंच होतें, असें मानावें लागेल. कोणती कथा कोणी, केव्हां सांगितली, हें चिठ्ठीवर लिहून घड्याळाबरोबर ठेवावें. कारण सांगणारीं माणसें घड्याळांहून लवकर जातात.

आतां मुलेंबाळें असलेल्या घरांसाठीं एक सूचना. अंधारांत दिसावे म्हणून १९१० नंतरच्या कित्येक घड्याळांच्या आंकड्यांस रेडियमचा रंग देत, व ही चाल साधारण १९६० पर्यंत टिकली. अमेरिकेंत ब्रशाचें टोंक ओठांनीं अणकुचीदार करून हा रंग भरणाऱ्या तरुण मुली जबड्याच्या रोगानें दगावल्या, आणि त्यांचा खटला १९२८ सालीं न्यू जर्सींत गाजला. आज असे आंकडे चमकत नाहींत, म्हणून ते निरुपद्रवी झाले असें समजूं नये. थकतें तें जस्ताचें चूर्ण. रेडियमचें तेज निम्में होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. तबकडीवर तळाशीं ‘टी’ हें अक्षर स्विस नांवाच्या दोहों बाजूंस असेल, तर तो रंग १९६० नंतरच्या काळांतील, ट्रिटियमचा व पुष्कळ सौम्य होय. तें अक्षर नसून आंकडे पिवळसर तपकिरी असतील, तर घड्याळ मुलांच्या हातीं देऊं नये, कांच काढून रंग खरवडूं नये, आणि तें उशाशीं न ठेवतां हवा खेळणाऱ्या खोलींतील कपाटांत ठेवावें. कारागिराकडे देतांनाहि त्यास ही गोष्ट आधीं सांगावी.