खाडी, सडा आणि आगर : बाणकोट ते रत्नागिरी सायकलवरून

समुद्रकाठचा रस्ता सपाटच असणार, असं धरून कोकणात सायकल आणणाऱ्याचे पाय पहिल्याच दिवशी भरून येतात. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या इथे पश्चिमेला वाहत समुद्राला मिळतात आणि दोन नद्यांमधले जांभ्याचे सडे थेट किनाऱ्यावर येऊन कड्यांनी तुटतात. दक्षिणोत्तर जाणाऱ्या रस्त्याला म्हणूनच प्रत्येक खाडीशी उतरावं लागतं, पुन्हा सडा चढावा लागतो. नकाशावरची ही वाट चढउताराच्या आलेखात करवतीच्या दात्यांसारखी उमटते. चढ फार उंच नाहीत, पण दिवसातून अनेकदा येतात. आणि दर उताराच्या शेवटी एक नवं गाव भेटतं.

रेवस ते रेड्डी या सागरी मार्गाचा सायकलस्वाराला सर्वांत जास्त देणारा टप्पा म्हणजे बागमांडला ते रत्नागिरी. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याला फेरीबोटीत सायकल चढवायची आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं. रायगड जिल्हा मागे पडतो, रत्नागिरी सुरू होतो. मोटारी, टेम्पो, दुचाकी, बाजाराला निघालेली माणसं असा सगळा गोतावळा त्या बोटीत असतो. पुढे दाभोळ-धोपावेला वाशिष्ठी आणि तवसाळ-जयगडला शास्त्री नदी अशीच बोटीने ओलांडायची. या तीन तरींनी प्रवासाचे आपोआप तीन भाग पडतात.

वेसवी ते दाभोळ

वेसवीहून बाणकोटपर्यंत रस्ता खाडीच्या कडेने जातो. मुखावरचा हिंमतगड इंग्रजांनी घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव दिलं. पुढचं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. आज ते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे ओळखलं जातं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे २००२ मध्ये संवर्धनाचं काम सुरू केलं आणि गावकऱ्यांनी ते आपलं मानलं. मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करते आणि शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. ती अंडी कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीवर पुन्हा पुरतात. पिल्लं बाहेर यायची वेळ आली की त्या जागेवर टोपली पालथी घालून ठेवतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून बघायची. खाली तळहाताएवढीही नसलेली, काळसर, वळवळणारी पिल्लं दिसली की ती पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात. त्यांना उचलून पाण्यात टाकत नाहीत, तेवढं अंतर त्यांनी स्वतःच तोडायचं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्याने इथे एक मुक्काम ठेवावाच. घरोघरी राहण्या-जेवणाची सोय होते आणि कासव जगवण्यातून गावाला चार पैसे मिळतात.

केळशीच्या पुढे आडे, पाडले आणि आंजर्ले ही गावं लागतात. एका हाताला माडा-पोफळींची आगरं, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्यातली झाडं आडवी केली. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, माडालाही कमी लागत नाहीत. वादळानंतर लावलेली कोवळी झाडं बघताना या माणसांची चिकाटी कळते.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती पाहून हर्णैला पोचावं ते दुपार कलताना. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. आंग्र्यांचं हे बळकट ठाणं १७५५ मध्ये पडलं. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव सुरू होतो. होड्या खोल पाण्यात थांबतात आणि बैलगाड्या थेट लाटांत शिरून मासळी वाळूवर आणतात. सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग लागतात, बोली चढते आणि पाहता पाहता माल बर्फात जातो.

पुढचं मुरूड महर्षी कर्व्यांचं. कर्दे, लाडघर, बुरोंडी करत रस्ता दाभोळला उतरतो. पोर्तुगिजांनी १५०८ मध्ये जाळलेलं हे एके काळचं मातबर बंदर.

धोपावे ते रत्नागिरी

वरचा पाट आणि खालचा पाट असं लांबच लांब पसरलेलं गुहागर, मग पालशेत, वेळणेश्वर आणि हेदवी. हेदवीला दशभुज गणपतीबरोबर बामणघळही पाहावी. खडकातल्या या अरुंद चिरेत भरतीचं पाणी घुसतं आणि उंच उसळतं. जयगडनंतर मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. गणपतीपुळ्यानंतरचा आरे-वारेचा चढ संपतो तिथे दोन्ही किनारे एकदम खाली दिसतात.

तयारी

दिवाळीनंतर निघावं. रत्नागिरीपर्यंत अंतर २०० किलोमीटरच्या आसपास भरतं. घाई न करता चार-पाच दिवस द्यावेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे गेल्यास दुपारचा वायव्येचा वारा बहुधा पाठीशी राहतो. चढासाठी हलका गिअर हवा, उतारासाठी ब्रेकचे रबर नवे हवेत. सड्यावर सावली नाही आणि दुकानंही विरळ, म्हणून पाणी भरपूर घ्यावं. दोन जादा ट्यूब आणि पंक्चरचं सामान जवळ असावं. शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. अंधारात घाट्या उतरू नयेत.

या खाड्यांवर आता मोठे पूल होऊ घातले आहेत. ते व्हायलाच हवेत. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर पलीकडच्या काठावर अडकून पडणं कुणाच्याच वाट्याला येऊ नये. मात्र नवा रुंद रस्ता करताना आगरांमधून जाणारे जुने अरुंद रस्ते तोडून रुंद करू नयेत. पोफळींची रांग कापून वाचवलेली पाच मिनिटं महाग पडतील. वेगवान गाड्या सड्यावरून जाऊ द्याव्यात आणि खालची वाट पायी चालणाऱ्यांना, बैलगाड्यांना आणि सायकलींना ठेवावी. असं झालं तर सायकलवरून येणारा गावात थांबेल, जेवेल, कोकम आणि आमसुलं विकत घेईल आणि पुढच्या वर्षी घरच्यांना घेऊन येईल. अशा पाहुण्यावर चालणारं पर्यटन कोकणच्या अंगाला बसणारं आहे. त्यासाठी जुने रस्ते नुसते नीट राखले तरी पुरे.