कायरोप्रॅक्टिक : पाठीच्या दुखण्यावरील हस्तोपचार आणि संशोधनाचा कौल

मनुष्याला प्रदीर्घ काळ अक्षम करणाऱ्या व्याधींची क्रमवारी लावल्यास तिच्या अग्रस्थानी हृदयविकार वा मधुमेह नव्हे, तर कंबरदुखी आढळते. २०२० मध्ये जगभरातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक या व्याधीने ग्रस्त होते, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात वर्तविण्यात आला आहे. काउंटरवर दिवसभर संगणकापुढे मान वाकवून बसणाऱ्या कर्मचाऱ्यास वा दुचाकीवरून खड्डे चुकवीत बँकेत येणाऱ्या ग्राहकास या दुखण्याची वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. साहजिकच त्यावरील उपचारांची बाजारपेठही विस्तीर्ण आहे. या बाजारपेठेत आपल्या महानगरांतूनही आता कानी पडणारे एक नाव म्हणजे कायरोप्रॅक्टिक.

हा शब्द 'हात' आणि 'क्रिया' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून सिद्ध झाला आहे. मूळचे कॅनडाचे डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट या गावी ही पद्धती सुरू केली. एका बधिर सफाई कामगाराचा सरकलेला मणका जागेवर बसविताच त्यास ऐकू येऊ लागले, असा त्यांचा दावा होता. वस्तुतः श्रवणाचा मज्जातंतू पाठीच्या कण्यातून जातच नाही. तथापि, बहुतेक सर्व रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत आहे, हा सिद्धांत पामर यांनी याच अनुभवावरून मांडला. वैद्यकीय विश्वाने तो स्वीकारला नाही. अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने या उपचारकांवर जणू बहिष्कारच घातला होता. तो मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरतो, असा निर्णय तेथील न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. हा निर्णय व्यवसायस्वातंत्र्याविषयीचा होता. उपचार गुणकारी आहे किंवा नाही, हे न्यायालयात नव्हे, तर रुग्णांवरील चाचण्यांतच ठरणार होते.

अशा चाचण्यांपैकी १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली एक चाचणी विशेष उद्बोधक आहे. कंबरदुखीच्या ३२१ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटास कायरोप्रॅक्टिक उपचार मिळाले, दुसऱ्यास फिजिओथेरपी मिळाली आणि तिसऱ्याच्या हाती केवळ एक माहितीपुस्तिका देण्यात आली. पहिल्या दोन गटांचे परिणाम जवळजवळ सारखेच निघाले आणि पुस्तिका वाचणाऱ्यांच्या तुलनेत ते किंचितच सरस होते. दोन वर्षांतील सरासरी खर्च मात्र कायरोप्रॅक्टिकसाठी ४२९ डॉलर, फिजिओथेरपीसाठी ४३७ डॉलर आणि पुस्तिकेसाठी १५३ डॉलर इतका आला. जमाखर्चाची सवय असलेल्या वाचकास एवढे आकडे पुरेसे बोलके वाटतील. परंतु त्याच ताळेबंदात आणखी एक नोंद आहे. उपचार घेणाऱ्या दोन्ही गटांतील सुमारे ७५ टक्के रुग्णांनी आपल्याला मिळालेली सेवा उत्तम वा चांगली असल्याचे सांगितले. पुस्तिका मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ३० टक्केच होते. दुखऱ्या पाठीवर कोणी आस्थेने हात ठेवणे, हेही रुग्णाच्या लेखी मोलाचे असते.

संशोधकांची खरी अडचण येथेच आहे. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देऊन रुग्णास अनभिज्ञ ठेवता येते. पाठीवर हात पडला की नाही, हे मात्र रुग्णापासून लपविता येत नाही. मणका हलविताना येणारा 'कट्' असा आवाज तर मनावर मोठाच प्रभाव टाकतो. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा मानला जातो. २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी बोटांचे सांधे ताणत असताना एमआरआय चित्रण केले, तेव्हा सांध्यातील द्रवात पोकळी निर्माण होताना तो आवाज होतो, असे दिसून आले.

त्यानंतरच्या अभ्यासांचे चित्र बरेचसे सुसंगत आहे. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीविषयीच्या चाचण्यांचा आढावा २०१७ मध्ये घेण्यात आला. मणक्यांच्या हस्तचालनेने सहा आठवड्यांपर्यंतच्या कालावधीत १०० गुणांच्या मापनपट्टीवर वेदना सरासरी सुमारे १० गुणांनी अधिक घटते, असे त्यात आढळले. लाभ आहे, पण माफक आहे. जुनाट कंबरदुखीबाबत ४७ चाचण्या आणि ९,२११ रुग्णांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार हा उपचार व्यायामादी शिफारसप्राप्त उपचारांच्या तोडीचा ठरतो. अमेरिकेतील फिजिशियनांच्या महाविद्यालयानेही २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत औषधांपूर्वी करावयाच्या उपायांमध्ये त्याचा समावेश केला आहे.

मानदुखीचा विचार अधिक सावधपणे करावा लागतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७२ रुग्णांच्या चाचणीत हस्तचालना औषधांहून सरस ठरली, मात्र घरी करावयाच्या साध्या व्यायामाहून नव्हे. तो व्यायाम शिकविण्यास तासाभराच्या दोन बैठकी पुरल्या होत्या. दुसरीकडे, मानेला झटका दिल्यानंतर मेंदूकडे जाणारी रोहिणी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. ती अत्यंत विरळ आहेत. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील २००८ च्या अभ्यासात अशा पक्षाघाताचा संबंध कायरोप्रॅक्टरच्या भेटीशी आढळला, तसाच तो सामान्य डॉक्टरांच्या भेटीशीही आढळला. रोहिणी आधीच फाटू लागल्याने मान दुखते आणि त्यासाठीच रुग्ण उपचारकाकडे जातो, असा अर्थ संशोधकांनी लावला. वाद अद्याप मिटलेला नाही. गुडघा, खांदा आदी सांध्यांसाठीचा पुरावा पाठीच्या तुलनेत तुटपुंजा आहे. गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम आणि वजननियंत्रण यांचाच आधार भक्कम आहे.

दमा, रक्तदाब वा बहिरेपणा दूर करण्याचे दावे या पुराव्याच्या कक्षेबाहेरचे आहेत. दुखणे थांबल्यावरही वर्षभराच्या बैठकींचे पैसे आगाऊ भरण्याचा आग्रह झाल्यास उपरोक्त चाचण्यांतील उपचार बहुधा काही आठवड्यांपुरतेच होते, हे स्मरणात असावे. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तींसाठी झटक्याने केलेली हस्तचालना वर्ज्य आहे. पायांतील शक्ती कमी होणे, जांघेतील संवेदना नाहीशी होणे, लघवीवरील ताबा सुटणे, तसेच मानदुखीसह अकस्मात भोवळ येणे वा बोबडी वळणे, यांपैकी काहीही उद्भवल्यास रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावयास हवे.