मुलांसाठी प्रेरणादायी पुस्तक घेताय? आधी 'या' ३ गोष्टी तपासा

नागपूर : जयंती जवळ आली की वाडीतही मुलांसाठी थोरांची चरित्रे घेतली जातात. जन्म, शिक्षण, कार्य, निधन. पण अन्याय समोर आला तेव्हा त्या व्यक्तीने नेमके काय केले, हे मुलांना कळते का?

मुलेही प्रश्न विचारतात

मुक्ता साळवे या फुले दाम्पत्याच्या शाळेतील विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखावरील त्यांचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला. तेव्हा त्या साधारण १४ वर्षांच्या होत्या.

चित्रांतून भीमराव

'भीमायन' (२०११) या इंग्रजी चित्रपुस्तकात लहान भीमरावांना पाणी नाकारले जाते, तो प्रसंग आहे. चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची, गोंड शैलीतली.

आपल्या जिल्ह्यातील जाईबाई

उमरेडच्या जाईबाई चौधरी यांनी रेल्वे स्थानकावर हमाली केली. त्या लिहा-वाचायला शिकल्या, शिक्षिका झाल्या. पण जातीमुळे ती नोकरी गेली. पुढे त्यांनी नागपुरात दलित मुलींसाठी शाळा काढली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये त्यांची ओळख आहे. पुस्तक मोठ्यांसाठी असले, तरी पालक ते वाचून गोष्ट सांगू शकतात.

काय तपासाल?

१. अन्याय स्पष्ट सांगितला आहे की 'खूप कष्ट सोसले' एवढ्यावरच भागवले आहे?
२. सोबत कोण उभे राहिले, हे दिसते का?
३. ती व्यक्ती आपल्यासारखीच होती, असे मुलांना वाटते का?

मोफत पर्याय : प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी मोबाइलवर वाचता येतात.