फ्यूज वायरला वाचवतो, माणसाला नाही

तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला की कुरखेडा-कोरची भागात पावसाळ्याची घाई सुरू होते. कवेलू फेरले जातात, टिनांवर दगड ठेवले जातात, सरपण आत घेतले जाते. हे आपल्या आयाबायांना कोणी शिकवावे लागत नाही. पण त्याच छपराखालून गेलेल्या विजेच्या वायरकडे कोणाची नजर जात नाही. लाईट लागतो, पंखा फिरतो, म्हणजे सर्व ठीक आहे असे आपण धरून चालतो. आमचे सांगणे एवढेच की, छप्पर शाकारताना एक तास विजेसाठीही काढावा.

आपल्या घरात वीज कशी आली ते आठवून पाहा. २०१७ साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत गरीब घराला मीटर, एक दिवा आणि मोबाईल चार्ज करण्यापुरती जागा मिळत होती. त्याआधीही पुष्कळ घरांची सुरुवात एका बल्बनेच झाली. पुढे त्याच वायरवर पंखा आला, टीव्ही आला, उन्हाळ्यात कूलर आला. वायर तीच राहिली, फक्त जोड वाढत गेले.

आता मुख्य गोष्ट. "घरात फ्यूज आहे, करंट लागला तर तो उडेल," अशी अनेकांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. घरात येणारी लाईन २३० व्होल्टची असते. ५ ॲम्पिअरचा फ्यूज ५ ॲम्पिअरपेक्षा, म्हणजे ५,००० मिलिॲम्पिअरपेक्षा जास्त करंट गेल्याशिवाय वितळत नाही. माणसाच्या छातीतून मात्र ५० ते १०० मिलिॲम्पिअर गेला तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. माणूस चिकटून जीव गेला तरी फ्यूजला त्याचा पत्ता नसतो! फ्यूज आणि एमसीबी ही वायर जळू नये, घराला आग लागू नये यासाठीची सोय आहे.

माणसाला वाचविणाऱ्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे चांगले अर्थिंग. कूलरच्या पत्र्याला आतली वायर लागली, तर करंट हिरव्या वायरने जमिनीत उतरतो. अर्थिंग नसेल तर तो पत्रा करंट धरून बसतो आणि ओल्या हाताची वाट पाहतो. दुसरी गोष्ट म्हणजे आर.सी.सी.बी. घरात गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची ती सतत तुलना करते. ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडला की डोळ्याचे पाते लवण्याआधी लाईन तोडते. घरासाठी ३० मिलिॲम्पिअरचीच मागावी. तिची किंमत कूलरपेक्षा कमी असते.

आता तपासणी कशी करावी ते पाहू. पायात कोरडी चप्पल असावी, हात कोरडे असावेत.

पहिल्यांदा मेन स्विच बंद करा आणि वायर नजरेखालून घाला. उंदरांनी कुरतडलेली, टिनाच्या कडेला घासलेली, गळणाऱ्या भिंतीला चिकटलेली वायर बदलावी लागेल. चिकटपट्टी लावून भागवू नका. फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घातली असेल तर ती काढून योग्य मापाची फ्यूज तार घाला.

मग थ्री-पिन प्लग पाहा. वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची असते. करंटच्या आधी अर्थिंग जुळावे म्हणून ती लांब ठेवलेली असते. ती मोडून दोन पिनांवर कूलर चालविणे म्हणजे रक्षण करणारी वस्तू आपल्या हाताने काढून टाकणे होय. प्लग उघडून हिरवी वायर त्या पिनेला घट्ट आहे का, तेही पाहा.

यानंतर मेन चालू करून टेस्टर घ्या. सॉकेटकडे तोंड करून उभे राहिल्यास फेज उजव्या छिद्रात असावा. बटन बंद केल्यावर तेथे टेस्टर लागता कामा नये. लागला, तर बटन चुकीच्या तारेवर बसविले आहे. कूलरच्या किंवा पाण्याच्या मोटरच्या अंगावर टेस्टर लागला, तर ती वस्तू लगेच बंद करा. टेस्टर लागला नाही म्हणून ती सुरक्षितच आहे असे मात्र समजू नका. कूलरमध्ये पाणी भरताना प्रत्येक वेळी बटन बंद करून प्लग काढावा, हा नियम लेकराबाळांनाही सांगून ठेवा.

घरातल्या सर्व वस्तूंचे प्लग काढा, दिवे बंद करा, मेन चालू ठेवा आणि मीटरकडे पाहा. वापर दाखविणारा दिवा तरीही लुकलुकत राहिला, तर करंट कुठेतरी गळत असण्याची शक्यता आहे. आर.सी.सी.बी. असेल तर तिचे टेस्टचे बटन महिन्यातून एकदा दाबा. लाईन ताबडतोब गेली पाहिजे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाका आणि तारेचा जोड गंजला आहे का ते पाहा. कपडे वाळविण्याची लोखंडी तार विजेच्या खांबाला, सर्व्हिस वायरच्या तारेला किंवा टिनाला बांधू नका. नायलॉनची दोरी लावा.

दोष आढळला तर दुरुस्ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंग जमिनीत खरोखर उतरते की नाही, हेही त्यालाच मोजायला सांगा. खांबापासून मीटरपर्यंतचे काम महावितरणचे आहे. तेथे ठिणग्या दिसल्या किंवा वादळाने तार तुटून पडली तर हात न लावता १९१२ वर कळवा. रमाई आवास योजनेतून ज्यांचे घरकुल उभे राहत आहे, त्यांनी प्लास्टर होण्याआधीच अर्थिंगचा खड्डा आणि आर.सी.सी.बी. यांची सोय करून घ्यावी. नंतर भिंत फोडावी लागते.

जयंतीची रोषणाई असो की लग्नाचा मांडव, खांबावर आकडा टाकू नये. महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते. रानडुकरांसाठी बांधीभोवती करंटची तार लावणे तर गुन्हाच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात अशा तारांनी वाघ मेले, गुरे मेली, माणसेही मेली.

एवढे करूनही कोणाला शॉक लागलाच, तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या बांबूने त्याला वायरपासून दूर करा. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा. शॉक लागलेल्याला मातीत पुरल्याने करंट उतरतो, ही समजूत निव्वळ अज्ञान आहे. त्यात त्याला वाचविण्याची मिनिटे वाया जातात. माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात दाखवावे.

येत्या रविवारी हे काम सर्वांनी मिळून करा. मेन स्विच कुठे आहे आणि कसा बंद करायचा, हे घरातल्या आजीपासून शाळकरी मुलीपर्यंत प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.